मी 'धर' म्हटलं होतं

"उजवो हात फुडें कर," शेट म्हणाला.

खंडेनवमी होती. बर्फाच्या कारखान्यात यंत्रांची पूजा. कॉम्प्रेसर बंद होता, त्यामुळे एरवी कधी नसते ती शांतता होती. क्रेनला झेंडूची माळ घातली होती, हुकाला कुंकू लावलं होतं, खाली केळीच्या पानावर नारळ फोडून ठेवला होता. प्रसाद शेट स्वतः वाटायचा. आम्ही कामगार ओळीने उभे होतो. माझी पाळी आली आणि मी डावा हात पुढे केला. उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच शिल्लक होतं. मधली तीन बोटं त्याच क्रेनच्या ओझ्याखाली गेली होती, त्याच वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडाला.

"देवाचो प्रसाद दाव्या हातान घेता? उजवो कर."

केला. सगळे बघत होते. शेटने डाव भरून गरम शिरा माझ्या तळहातावर घातला. मधली बोटं नसली की तळहाताची वाटी होत नाही. शिरा घसरला आणि फरशीवर पडला.

शेट हसला. मागे वळून बाकीच्यांना म्हणाला, "हाका धर म्हळें जाल्यार हो दवरता."

सगळे हसले. माझ्याच गावाकडचे दोघे होते, तेही हसले. बर्फ वाहणारे हसले, ड्रायव्हर हसले.

"उखल," शेट म्हणाला. "देवाचें तें."

मी खाली बसलो. बर्फाच्या कारखान्यातली फरशी कधी सुकत नाही. ओल्या फरशीवरचा शिरा मी डाव्या हाताने गोळा केला आणि खाल्ला. खारट लागला. सगळीकडे मिठाचं पाणी सांडलेलं असतं, म्हणून. मी खाऊन उठेपर्यंत शेट पुढच्या माणसापाशी गेला होता.

माझी बोटं खाणाऱ्या क्रेनला माळ आणि नमस्कार. मला फरशी. हात गेल्यापासून माझं काम गेटवर होतं. गेटवर जाऊन स्टुलावर बसलो.

त्या हसण्यात काय होतं ते सांगायचं तर दोन शब्द सांगावे लागतील. शेट म्हणाला होता, ह्याला धर म्हटलं की हा दवरतो. 'दवर' हा कोकणी शब्द. दवर म्हणजे ठेव, खाली ठेव. 'धर' म्हणजे धरच, मराठीतही, कोकणीतही आणि आमच्या मालवणीतही. धरून ठेव, सोडू नको. दोन शब्द घाईत म्हणून बघा. मधला 'व' कुठे गेला ते कळत नाही. माझी बोटं त्या 'व'मध्ये गेली असं कारखान्यात सगळे म्हणायचे. मीही बराच काळ तसंच समजत होतो.

मी सातार्ड्याच्या बाजूचा. नदीच्या अल्याड सिंधुदुर्ग, पल्याड गोवा. आमच्याकडचे लोक कामाला गोव्यातच जातात. कुणी खाणीवर, कुणी ट्रकवर, कुणी भाटात, म्हणजे बागेत, नारळ पाडायला. मला धारगळच्या बाजूला हायवेवर, बर्फाच्या कारखान्यात काम मिळालं. शेट पेडण्याच्या जुन्या व्यापारी घरातला. मी त्याला आता 'तो' म्हणतो. तेव्हा 'तुमी' म्हणायचो आणि मान खाली घालायचो.

काम असं होतं. जमिनीत मोठी टाकी, तिच्यात मिठाचं गार पाणी. त्या पाण्यात लोखंडी चौकटीत ओळीने उभे केलेले पत्र्याचे उंच डबे. डब्यांत साधं पाणी, त्याचा बर्फ जमतो. वर लाकडी झाकणं. बर्फ जमला की झाकण काढायचं, चौकटीला चार हुक अडकवायचे आणि क्रेनने अख्खी ओळ वर उचलून पलीकडच्या साध्या पाण्यात बुडवायची. मग लाद्या सुटतात. सुटल्या की फळीवरून घसरत मासळीच्या गाड्यांत. हुक अडकवायचं काम माझं. क्रेनची बटणं शाणूकडे. तो टाकीच्या दुसऱ्या टोकाला उंच ओट्यावर उभा राहायचा. आमच्या दोघांमध्ये लांबलचक टाकी आणि कॉम्प्रेसरची घरघर.

शाणू धारगळचाच. माझ्याच वयाचा. दुपारी आम्ही एकत्र जेवायचो. त्याची आई सुक्या सुंगटांची, म्हणजे कोलंबीची, किसमूर द्यायची, त्यातली अर्धी माझ्या भाकरीवर यायची. तो कोकणीत बोलायचा, मी मालवणीत. कधी काही अडलं नाही.

आधी आमच्यामध्ये एक म्हातारा उभा असायचा. त्याला सगळे 'मधलो' म्हणायचे. खरं नाव कुणी वापरत नसे. तो टाकीच्या मध्यावर उभा राहून माझ्या हाताकडे बघायचा आणि शाणूला खूण करायचा. हात वर, म्हणजे उचल. पालथा तळवा, म्हणजे खाली घे. मूठ, म्हणजे थांब. तोंडातून चकार शब्द नाही. तोंडात पान असायचं, बोलणार कसा? माझा हात चौकटीतून बाहेर आल्याशिवाय त्याची मूठ उघडायची नाही. शाणू वैतागायचा, गाड्या थांबलेल्या असायच्या, म्हातारा ढिम्म.

एका वर्षी काजूचा हंगाम आला आणि शेटने मधल्याला स्वतःच्या काजूच्या बागेत राखणीला नेलं. हंगाम संपला. म्हातारा परत आला नाही. शाणूने विचारलं तेव्हा शेट म्हणाला, "तुमी दोगूय आसात मरे? एकामेकाक उलो मारात."

उलो मारा, म्हणजे हाका मारा. आम्ही मारू लागलो. घसा फाटेपर्यंत ओरडायचो. कॉम्प्रेसर आमच्यापेक्षा मोठ्याने ओरडायचा. तरी वर्षभर निभावलं, आणि निभावतंय म्हटल्यावर मधल्याची आठवण कुणी काढेना.

त्या दिवशी चौकट वर आली आणि कोपऱ्यातला एक डबा झाकणाच्या फळीखाली अडकला. चौकट तिरकी झाली. मी डबा सोडवायला हात घातला, चौकट आणि टाकीचा सिमेंटचा काठ यांच्या मधल्या फटीत. चौकट किंचित खाली आली. मी ओरडलो, "धर!"

ती धरली गेली नाही. खाली आली.

मला दुखलं नाही. हे कुणाला सांगितलं तर पटत नाही. मिठाच्या गार पाण्यात पहाटेपासून हात घालून बोटं बधिर झालेली असतात. चौकट हाताला टेकली तेव्हाच कळलं असतं तर मी हात ओढून घेतला असता. मला कळलं ते डोळ्यांनी. काठावर लाल दिसलं आणि मी विचार केला, हे कुणाचं? शाणू ओट्यावरून उडी मारून धावत आला तेव्हा त्याचं तोंड बघून मला कळलं की माझंच.

म्हापशाच्या इस्पितळात हात गरम झाला, तेव्हा दुखायला लागलं. मग मी ओरडलो. बोटं काढावी लागली.

शेट भेटायला आला. गरम पोयांची, म्हणजे गोव्याच्या पावांची, पिशवी, वर केळी. खाटेच्या कडेला बसला. तो खाटेवर बसला याचं मला त्या अवस्थेतही अप्रूप वाटलं, याची आज लाज वाटते.

"जाता तें जाता," तो म्हणाला. "तुवें दवर म्हळें, शाणून दवरलें. जीब घसरली तुजी. तूं भायलो, तुका आमची भास सारकी येना, तुजोय दोश ना."

भायलो, म्हणजे बाहेरचा. इंजेक्शनची गुंगी होती.

"शाणूक ल्हान भुरगीं आसात. तूं आनीक कितें सांगशी तर पोलीस ताका व्हरतले. तुका हांव सोडचों ना. गेटीर बस. जल्मभर बस."

शाणूची लहान पोरं, आणि मी बोललो तर पोलीस त्याला नेणार. मी शेटची केळी घेतली, डाव्या हाताने.

मला 'दवर' हा शब्द येत नव्हता असं नाही. रोज ऐकत होतो. पण आमच्या घरात 'ठेव' म्हणतात. माझ्या तोंडात 'दवर' कधी बसलाच नाही, मजेतसुद्धा नाही. जीव घाबरलेला माणूस दुसऱ्याच्या भाषेत ओरडेल का? एवढी साधी गोष्ट. पण खाटेवर पडल्या पडल्या ती मला सुचली नाही, आणि नंतर कुणी विचारलंच नाही.

मग गेट. स्टूल, सावलीला एक पत्रा, आणि मासळीच्या गाड्या. गाडी आली की साखळी काढायची, गेली की लावायची. डाव्या हाताने मला ते जमू लागलं. ड्रायव्हर हॉर्न वाजवायचे आणि ओरडायचे, "ए दवर! उगड!"

ते माझं नाव झालं. आईबापांनी ठेवलेलं नाव पगाराच्या दिवशी तेवढं कानावर यायचं.

शाणू मागच्या दाराने जाऊ लागला. आधी मला वाटलं, त्याला माझ्याकडे बघवत नसेल. मग वाटलं, त्याच्या मनात माझ्याबद्दल काही असेल. जेवायच्या सुट्टीत मी त्याला दोनदा हाक मारली, तो कॉम्प्रेसरच्या खोलीत गेला. मी गेटवर एकटा जेवायला लागलो. डाव्या हाताने भात कालवताना कुणी बघू नये म्हणून रस्त्याकडे पाठ करून बसायचो. गेटवाल्याने रस्त्याकडे पाठ करायची नसते. त्यावरूनही बोलणी खाल्ली.

कारखान्याच्या मागे एका खोलीत राहायचो. शर्टाची बटणं लावता यायची नाहीत, म्हणून गळ्यातून घालायचे बनियन वापरू लागलो. पायजम्याची नाडी दातांनी ओढायचो. ही कामं एकट्याने शिकावी लागतात आणि ती करताना माणसाला स्वतःची फार चीड येते. मी भिंतीशी बोलायचो. म्हणायचो, "धर." मग म्हणायचो, "दवर." स्वतःच्याच कानाने ऐकून बघायचो. दहा वेळा म्हटलं की दोन्ही सारखेच वाटायचे, आणि मला खरंच वाटायला लागायचं की मी 'दवर' म्हणालो असेन.

चवथीला मी घरी गेलो नाही. कोकणातल्या माणसाला हे सांगितलं की तो पहिल्यांदा 'कोण गेलं?' असं विचारतो. गणपतीला मुंबईहून माणसं येतात, मी नदीपलीकडून गेलो नाही. कारखाना बंद होता. मी एकटाच आत. टाकीतलं पाणी हलत नव्हतं. गावाकडे आरती कोण म्हणत असेल, मोदक कोण वळत असेल, असलं काहीबाही डोक्यात येत राहिलं. दोन दिवसांनी बायको मोदकांचा डबा घेऊन आली. दारातच उभी राहिली.

"चवथीक कित्याक येवक नाय तुमी?"

मी हात दाखवला. तिने तो आधी बघितला होता. तरी दाखवला.

"ह्यो हात घेवन कोणाच्या समोर बसतलंय?"

ती आत आली. मोदक कुस्करून मला भरवायला लागली, तेव्हा मी तिच्यावर ओरडलो. ती संध्याकाळच्या गाडीने गेली. मी दरवाजा लावून घेतला आणि रडलो.

त्यानंतर ती खंडेनवमी. तो शिरा.

आणि त्यानंतर ती सभा.

तेव्हा गोव्यात भाषेचा वाद पेटला होता. राजभाषा कोकणी की मराठी. पेडण्यात भिंती घोषणांनी भरल्या होत्या, चहाच्या हॉटेलात माणसं हातघाईवर यायची. शेट मराठीवाला. त्याच्या घरी मराठी पेपर, मराठी नाटकं, देवळात मराठी कीर्तन. पेडण्यातले बरेच जण तसेच होते आणि त्यांचं प्रेम खरं होतं, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. एका रविवारी शेट गेटवर आला आणि म्हणाला, स्वच्छ शर्ट घाल, आपण सभेला जाऊया. त्याच्याच जीपमधून गेलो. एवढा मान कशासाठी, ते मला कळेना.

देवळापुढच्या मांडवात सभा होती. शेट भाषणाला उठला. मराठी काय सुंदर बोलत होता! कारखान्यात मी त्याच्या तोंडून एवढी मराठी कधी ऐकली नव्हती. आणि मग त्याने मला स्टेजवर बोलावलं.

"बंधूंनो आणि भगिनींनो," तो म्हणाला, "ह्या गरिबाचा हात बघा. ह्याने आपल्या मायबोलीत, शुद्ध मराठीत सांगितलं, 'धर'. ऐकणाऱ्याचा कान कोकणी. त्याने ऐकलं 'दवर'. उद्या आपल्या कचेऱ्यांत, आपल्या शाळांत हेच होणार आहे!" आणि हळूच मला, "हात वयर कर."

मी हात वर केला. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतल्या एका बाईने पदर तोंडाला लावला. टाळ्या बराच वेळ चालल्या आणि मी हात वर धरून उभा राहिलो.

टाळ्या चालू असतानाच माझ्या डोक्यात ते आलं. ह्याने काय म्हटलं? 'धर'. मी 'धर' म्हटलं असं म्हणाला. म्हणजे ह्याला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून. इस्पितळात खाटेवर बसला होता तेव्हाही.

टाळ्या थांबल्या तरी माझा हात वरच राहिला. लोकांना वाटलं, बिचारा भारावला.

परत येताना जीपमध्ये आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, "शेट, तुमी सभेत बोललात, मी 'धर' म्हटलंय म्हणान."

त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. गिअर बदलला आणि म्हणाला, "तें सभेंतलें."

बस. तें सभेंतलें. कारखान्यात मी भायलो, मला कोकणी येत नाही म्हणून माझी बोटं गेली. मांडवात शाणूला मराठी कळत नाही म्हणून गेली. माणूस एक, हात एक, आणि गोष्टी दोन. दोन्हींत क्रेन नव्हती. दोन्हींत मधला नव्हता. शेट तर कुठेच नव्हता. मी त्या जीपमध्ये बसून पहिल्यांदा स्वतःबद्दल नाही, त्याच्याबद्दल विचार केला.

एका ट्रक ड्रायव्हरने मला मागे कधीतरी म्हापशाच्या सरकारी कचेरीबद्दल सांगितलं होतं. कामगारांची कचेरी. त्याच्या भावाचा पाय बार्जवर गेला होता. मी सुट्टी मागितली, मिळाली नाही, तरी गेलो. कचेरीत एक बाई होत्या. टेबलावर त्यांचा अर्धा प्यालेला चहा. मी त्यांना सगळं सांगायला लागलो. धर, दवर, मधला 'व', कोकणी, मराठी, सभा. भडाभडा सांगत होतो. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"दारू पिऊन होता?"

"नाही."

"मुद्दाम हात घातला?"

"नाही हो. डबा सोडवायला."

"कामावर असताना झालं ना?"

"हो."

"मग तुम्ही काय ओरडलात त्याचा काही संबंध नाही. चुकून 'दवर' म्हटलं असतं तरी तुमचा हक्क जात नाही."

मी उभाच राहिलो. त्यांनी मला बसायला सांगितलं. मी बसलो नाही, कारण मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि बसलो तर कुठलं आधी येईल ते सांगता आलं नसतं.

इतके महिने मी भिंतीशी धर-दवर करत होतो. त्या शब्दाला कायद्यात कवडीची किंमत नव्हती. मग शेटने तो माझ्या गळ्यात का बांधला? मी लाजावं म्हणून. चूक आपली वाटली की माणूस मागत नाही. मागत नाही, विचारत नाही, गेटवर बसवलं की आभार मानतो आणि प्रसाद फरशीवरचा खातो. माझी लाज शेटच्या कामाला येत होती, पगाराशिवाय. बाहेर म्हापशाचा बाजार भरला होता. मी त्या गर्दीत उभा राहून मोठ्याने शिवी दिली. दोन बायका दचकल्या.

शाणूला मी चहाच्या वेळेला मागच्या दारात अडवलं. ह्या वेळी त्याला जाऊ दिलं नाही.

"शेटान तुका काय सांगल्यान?" मी विचारलं.

तो जमिनीकडे बघत होता. "तूं म्हणटा, हांवें जाणून, मुद्दाम केलें. कोकणी-मराठीच्या रागान."

"मी कोणाक कायच बोलूक नाय."

त्याने वर बघितलं. म्हणाला, "म्हाका दवर आयकूंक आयलें रे. देवाशपथ."

"आणि मी धर म्हटलंय. देवाशपथ."

दोघंही खरं बोलत होतो. आम्ही दोघं तिथे उभे होतो आणि आत कॉम्प्रेसर चालू होता. एकमेकांसमोर हातभर अंतरावर उभे असूनही आम्हाला ओरडून बोलावं लागत होतं. मी त्याला म्हटलं, म्हापशाच्या कचेरीत अर्ज दिलाय, तिथला साहेब चौकशीला येणार आहे. एवढंच सांग की मधला होता आणि शेटने त्याला नेला. बाकी काही सांगू नकोस. त्याने मान हलवली. "सांगतां," म्हणाला. माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या दिवशी मला किती महिन्यांनी भूक लागली.

साहेब आला. शेटच्या केबिनमध्ये पंखा, लिंबाचं सरबत. मला आत बोलावण्याआधी शेट बाहेर आला आणि हळू आवाजात म्हणाला, जीब घसरली म्हण, गेट कायमचं तुझं. मी आत गेलो.

साहेबाने मला विचारलं, "अपघाताच्या वेळी तुम्ही काय म्हणालात?"

शेट म्हणाला, "हाणें दवर म्हळें, सायबा. चूक जाली ताची."

"मला बोलू द्या," मी म्हटलं.

त्याआधी मी शेटसमोर असं कधी बोललो नव्हतो. आवाज माझा मलाच मोठा वाटला.

"मी 'धर' म्हटलं. शाणूला 'दवर' ऐकू आलं. तो खोटा नाही. आमच्यामध्ये खूण करायला माणूस होता, तो ह्यांनी काजूच्या बागेत नेला. तो असता तर मला ओरडायला लागलं नसतं. चूक माझी नाही. आणि असती तरी हात कामावर गेला."

साहेबाने शाणूला बोलावलं. विचारलं, मध्ये कुणी माणूस असायचा का?

शाणू शेटकडे बघत नव्हता, माझ्याकडेही नाही. पंख्याकडे बघत होता.

"म्हाका कांय याद ना," तो म्हणाला.

खांद्यावर हात ठेवणारा शाणू. त्याला पोरं आहेत, घर शेटच्या जमिनीत आहे, हे मला ठाऊक आहे. समजतं सगळं. तरी राग आला. अजून येतो. समजणं आणि राग हे दोन्ही एकाच पोटात राहतात, आणि कुणी कुणाला बाहेर काढत नाही.

साहेब गेल्यावर शेट गेटवर आला. "फाल्यां सावन तूं येवंक नाका," म्हणाला. मी खोलीतलं सामान बांधलं. एक पिशवी झाली. गेटच्या साखळीची चावी स्टुलावर ठेवली आणि सातार्ड्याची गाडी धरली. कुणी निरोप द्यायला आलं नाही. गावाकडचे ते दोघेही नाहीत.

पुढे गोव्यात कोकणी राजभाषा झाली, मराठीलाही जागा मिळाली. मग गोवा राज्य झालं. ऐकतो की कारखान्यात पेढे वाटले आणि टाकीजवळ पाटी लावली, कोकणीत आणि मराठीत, सावध राहा म्हणून. माणूस मात्र लावला नाही. माझ्या जागी आता दुसरा कोणी हुक अडकवतो, तोही आमच्याच बाजूचा.

माझी केस चालू आहे. तारीख पडते, मी जातो. साक्षीदार नाही. मधला म्हातारा काजूच्या बागेतच वारला. मागच्या महिन्यात शेटचा माणूस घरी आला. ओटीवर बसला, पाणी प्यायला, गोड बोलला. म्हणाला, इतकी वर्षं शेटचं मीठ खाल्लंस, शेट काय परका आहे? अर्धी चूक तुझी, अर्धी कारखान्याची असं म्हणून मिटवून टाकूया. परत गेटवर ये.

बायको आतून बाहेर आली. दाराला टेकून उभी राहिली.

"काय सांगतलात?" तिने विचारलं.

मी त्या माणसाला म्हटलं, "शेटाक सांग, अर्धीय माझी नाय."

तो उठला. जाताना म्हणाला, एकटा किती दिवस लढणार?

एकटाच आहे, ते खरं. गावात लोक म्हणतात, ह्याला वेड लागलंय, घेऊन टाकायचं मिळतंय ते. शाणू भेटत नाही. म्हापशाच्या कचेरीत बाकावर मी एकटा बसतो, आणि शेटकडून वकील येतो, त्याच्याबरोबर दोन माणसं. बसू देत. मला दया नको, गेट नको, स्टेजही नको. माझा हात टेबलावर ठेवून मी बसणार, त्यांना दिसेल असा. ह्या कारखान्याने माझा हात घेतला, हे शेट आपल्या तोंडाने, पंख्याखाली बसून, साहेबासमोर म्हणेपर्यंत मी प्रत्येक तारखेला जाणार.